ऐकणारे अंतःकरण

(शास्त्रपाठ : १ राजे ३:४-२८, ४:२०-३४, ५:१३-१८, १२:१-२४)



हा अभ्यास वाचण्यापूर्वी वर दिलेले शास्त्रभाग एकदा सलग वाचून घ्यावेत, अशी आपणांस विनंती आहे. घरात दुसरे कोणी असेल तर मोठ्याने वाचावेत. कारण आपण आज ज्या एका क्रियापदाचा माग काढणार आहोत, ते कानाचे क्रियापद आहे, आणि डोळ्यांनी भरभर वाचणाऱ्याच्या हातून ते सहज निसटते.

शलमोन म्हटला की रविवारच्या शाळेत ऐकलेली गोष्ट आपल्याला आठवते. दोन स्त्रिया, एक बालक आणि दरबारात मागवलेली तलवार. त्यानंतर मंदिर, शबाची राणी, सोने, मोर आणि वानरे, आणि शेवटी सातशे राण्या व तीनशे उपपत्नी. ह्या चित्रांच्या गर्दीत एक प्रश्न बहुधा विचारायचाच राहून जातो. ज्याच्यासारखा ज्ञानी पूर्वी झाला नाही आणि पुढेही होणार नाही असे प्रत्यक्ष देवाने म्हटले, त्याचे राज्य त्याच्या डोळे मिटण्याबरोबर दुभंगले कसे? मूर्तिपूजा हे उत्तर अकराव्या अध्यायात स्पष्ट दिलेले आहे आणि ते खरेच आहे. परंतु बाराव्या अध्यायात शखेम येथे जमलेले लोक मूर्तींविषयी एक शब्दही बोलत नाहीत. ते आपल्या मानेवरच्या जुवाविषयी बोलतात. ही दोन उत्तरे एकमेकांशी कोठे जुळतात, हे आपल्याला पाहावयाचे आहे.

गिबोन येथील मागणे

गिबोनातील स्वप्नात परमेश्वराने 'काय देऊ ते माग' असे म्हटल्यावर तरुण राजाने जे मागितले, त्यासाठी बहुतेक भाषांतरांत विवेक किंवा समज ह्या अर्थाचा शब्द येतो. मूळ हिब्रू शब्द आहेत 'लेव शोमेआ', म्हणजे अक्षरशः 'ऐकणारे अंतःकरण'. 'लेव' ह्या शब्दात भावना आहेत, तसाच विचार आणि निश्चयही आहे. आपल्या परंपरेत मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार हे चारही ज्यात येतात त्या 'अंतःकरण' शब्दाइतका जवळचा शब्द भाषांतरकाराला क्वचितच आयता मिळतो. आणि 'शमा' ह्या क्रियापदाच्या बाबतीत तर मराठी भाषक अधिकच भाग्यवान आहे. हिब्रूत 'शमा' म्हणजे कानाने ऐकणे आणि ऐकल्याप्रमाणे वागणे, दोन्ही. आपल्याकडे एखादी आई 'हा मुलगा माझे ऐकत नाही' म्हणते तेव्हा त्या मुलाचे कान तपासायला कोणी वैद्याकडे नेत नाही. ऐकणे ह्या शब्दातच मान्य करणे आलेले आहे.

तेव्हा राजाने मागितले ते असे अंतःकरण, की ज्यात दुसऱ्याचे बोलणे शिरू शकेल आणि शिरल्यावर काही हलवूनही जाईल. प्राचीन पूर्वेत ही कल्पना अपरिचित नव्हती. मिसर देशात प्ताहहोतेप ह्याच्या नावाने चालत आलेल्या उपदेशातही ऐकणाऱ्या माणसाची थोर स्तुती केलेली आहे. शलमोनाचे वेगळेपण ते मागणे कोणाजवळ केले आणि कोणासाठी केले ह्यात आहे. त्याच वचनातील (३:९) आणखी एक शब्द कृपया ध्यानात ठेवावा. तुझ्या ह्या एवढ्या मोठ्या प्रजेचा न्याय कोण करू शकेल, असे तो विचारतो, तेथे 'मोठ्या' ह्या अर्थी जो शब्द आहे, तो 'कावेद'. त्याचा मूळ अर्थ 'जड'. ही प्रजा जड आहे, देवा, आणि तिचा भार माझ्या खांद्यावर आहे. ह्या 'जड' शब्दाकडे आपण नंतर परत येऊ.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ही प्रार्थना करणारे हात स्वच्छ नव्हते. दुसऱ्याच अध्यायात अदोनीया, यवाब आणि शिमी ह्यांचा वध झालेला आहे, आणि मरणोन्मुख दावीदाने त्या कामांसाठी मुलाच्या 'शहाणपणा'वरच हवाला ठेवला होता (२:६, ९). धूर्तपणालाही लोक ज्ञान म्हणतात, तेव्हाही म्हणत. ते ज्ञान ज्याच्याजवळ आधीच भरपूर होते, त्याने गिबोनात 'मी लहान मूल आहे' असे म्हणून दुसरे काही मागितले, हे मला फार मोलाचे वाटते.

दोन स्त्रियांचे बोलणे

लगेच पुढे येते ती न्यायाची कथा. आपण तलवारीकडे पाहतो. लेखक आधी बोलण्याकडे लक्ष वेधतो. ह्या दोघी वेश्या होत्या. साक्षीदार नव्हता, घरात तिसरे कोणी नव्हते, हे फिर्यादीतच सांगितले आहे. अशा दोघींचे भांडण थेट राजासमोर येऊ शकले, ह्याचाच अर्थ त्या दिवशी दार उघडे होते. आणि राजा काय करतो? तेविसाव्या वचनात तो काहीही ठरवत नाही. ही असे म्हणते, ती तसे म्हणते, एवढेच तो उच्चारतो. दोघींचे शब्द तो जसेच्या तसे परत मांडतो. घाईच्या वाचकाला हे वचन निरर्थक वाटते. मला ते ह्या कथेचा कणा वाटते. ज्याने ऐकलेले नाही, त्याला दुसऱ्याचे म्हणणे त्याच्याच समाधानास उतरेल असे परत सांगता येत नाही. त्यानंतर तलवार येते, आणि तीसुद्धा ऐकण्यासाठीच. खऱ्या आईच्या पोटातून काय उमटते, ते ऐकण्यासाठी.

आमच्या भाषांतराच्या कामात नेमकी हीच कसोटी आहे. मसुदा तयार झाला की तो गावातील माणसांना वाचून दाखवायचा, आणि 'समजले का?' असे मुळीच विचारायचे नाही. कारण त्याला सगळेच 'हो' म्हणतात. 'आता तुम्ही मला सांगा' असे म्हणायचे आणि गप्प बसायचे. चौथ्या अध्यायातील शलमोनाच्या बारा अंमलदारांसाठी एकदा आम्ही मोठ्या हौसेने 'कारभारी' हा शब्द योजला होता. मराठी, रुळलेला, राजदरबाराला शोभणारा. वाचन चालू असता बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. शेवटी एकीने सांगितले, 'बाई, आमच्याकडे कारभारी म्हणजे घरधनी. ह्या राजाला बारा कसे?' तो शब्द त्याच दिवशी खोडला. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ साली गंगामूळच्या अरण्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात झाला. त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले आणि त्यांच्या पश्चात १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापून पूर्ण झालेले मराठी बायबल मी जेव्हा जेव्हा उघडते, तेव्हा मनात येते की संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या त्या विदुषीने साध्या, अल्पशिक्षित स्त्रीला कळेल अशा भाषेचा ध्यास घेतला, तो पुस्तके वाचून घेतला नसेल. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींच्या सहवासात त्यांचे कान घडले होते.

म्हैसूरचा टाऊन हॉल

हा मजकूर मी म्हैसूर येथे बसून लिहीत आहे. येथे १९६९ साली भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले, तेव्हापासून भाषांत काम करणाऱ्यांना ह्या नगरीचे नाव परके राहिलेले नाही. महाराष्ट्रातून येणारे पाहुणे राजवाडा पाहतात, रविवारी संध्याकाळी उजळणारे जवळजवळ एक लाख दिवे पाहतात, चामुंडी टेकडीवर जाऊन येतात. मी त्यांना मोठ्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळील टाऊन हॉलही दाखवते. पाहुण्यांचा थोडा हिरमोड होतो, कारण पाहण्यासारखे तेथे विशेष काही नाही. ही वास्तू दिवाण रंगाचार्लू ह्यांच्या स्मरणार्थ उभारलेली आहे.

१८३१ साली गैरकारभाराचे कारण देऊन इंग्रजांनी म्हैसूरचा कारभार आपल्या हाती घेतला होता. पन्नास वर्षांनी, मार्च १८८१ मध्ये, तो दहावे चामराजेंद्र वडियार ह्यांना परत मिळाला. राजाचे वय अवघे अठरा. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने लाखो माणसे नाहीशी केली होती आणि खजिना रिता होता. प्रजा 'जड' होती, ह्याहून वेगळे काय म्हणावे? अशा वेळी रंगाचार्लूंनी पहिल्याच वर्षी, ७ ऑक्टोबर १८८१ रोजी, १४४ प्रतिनिधींची सभा म्हैसुरात भरवली. वर्षभराच्या कारभाराचा वृत्तान्त दिवाणाने सभेपुढे सांगायचा, आणि प्रतिनिधींनी आपापल्या भागातील गरजा व गाऱ्हाणी मांडायची, अशी तिची रीत. पुढे ती दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास भरू लागली. भारतीय संस्थानांत अशी सभा ही पहिलीच.

ह्या सभेचे अवास्तव गोडवे गाण्याची गरज नाही. तिला हुकूम करण्याचा अधिकार नव्हता, आरंभी सदस्य निवडून आलेले नव्हते, आणि जमीनदार व व्यापारी ह्यांचाच भरणा होता. तरीही ज्या दिवसांत राजा हत्तीवरून मिरवतो आणि प्रजा रस्त्याच्या दुतर्फा उभी राहून पाहते, त्याच दिवसांना लागून असा एक प्रसंग ठेवावा, की ज्यात प्रजा बोलते आणि दरबार ऐकतो, हे ज्याला सुचले त्याला राज्य कशावर टिकते ते कळले होते. रंगाचार्लू १८८३ च्या जानेवारीत वारले. त्यांना ह्या सभेची फार थोडी अधिवेशने पाहायला मिळाली.

ऐकणारा राजा आणि ऐकवणारा राजा

आता पुन्हा शास्त्राकडे वळू. तिसऱ्या अध्यायानंतर 'शमा' हे क्रियापद कोणाच्या वाट्याला येते, ते पेन्सिलीने अधोरेखित करून पाहावे. ४:३४ मध्ये सर्व राष्ट्रांतून लोक येतात, शलमोनाचे ज्ञान ऐकण्यासाठी. १०:१ मध्ये शबाची राणी त्याची कीर्ती ऐकून येते. १०:८ मध्ये त्याचे सेवक नित्य त्याच्यासमोर उभे राहून त्याचे ज्ञान ऐकतात, म्हणून ती त्यांना धन्य म्हणते. १०:२४ मध्ये तर सगळी पृथ्वी त्याचे ऐकू पाहते. ऐकणे थांबलेले नाही. त्याची दिशा फिरली आहे. ज्याने ऐकणारे अंतःकरण मागितले, त्याचे आता सर्व जग ऐकते. मराठीत ह्या दोन अवस्थांना एकाच धातूची दोन रूपे आहेत : ऐकणे आणि ऐकवणे.

मंदिराच्या समर्पणाची प्रार्थना (अध्याय ८) ह्याला मोठा अपवाद वाटेल. तेथे हे क्रियापद पुन्हा पुन्हा येते, आणि ती प्रार्थना पवित्र शास्त्रातील अत्यंत सुंदर प्रार्थनांपैकी आहे. परक्या देशातून आलेल्या माणसाचेही ऐक, असे राजा तीत विनवतो. पण तेथेही ऐकायचे आहे ते देवाने, स्वर्गातून. दोन स्त्रियांच्या त्या प्रसंगानंतर एकही सामान्य इस्राएली माणूस आपले गाऱ्हाणे घेऊन शलमोनापुढे उभा राहिल्याचे लेखकाने लिहिलेले नाही. सोराचा राजा हिराम वीस गावांविषयी नाराजी बोलून दाखवतो (९:१३). त्याला मिळालेले उत्तरही नोंदलेले नाही.

आणि ह्याच काळात वेठ सुरू होते. 'मस' हा हिब्रू शब्द आणि आपला 'वेठ' हा शब्द, दोन्ही आखूड आणि दोन्ही कडू. इस्राएलातून तीस हजार माणसे उचलली गेली. दहा-दहा हजारांची पाळी, एक महिना लबानोनात आणि दोन महिने घरी. शिवाय सत्तर हजार ओझेवाले आणि ऐंशी हजार दगडफोडे. ९:२२ मध्ये इस्राएलांना दास केले नाही असे म्हटले आहे, आणि कायमचे दास्य व पाळीची वेठ ह्यांत काही अभ्यासक फरक करतात. तो फरक ग्रंथात खरा असेल. शखेमास जमलेल्या लोकांच्या मानेला तो जाणवलेला दिसत नाही. मंदिराला सात वर्षे लागली, राजवाड्याला तेरा (६:३८, ७:१). येथला म्हैसूरचा राजवाडा १८९७ च्या आगीनंतर बांधायला घेतला, तो १९१२ साली पुरा झाला. तेव्हा राजवाड्याला वर्षे लागतात ह्यात नवल नाही, आणि बांधण्यात पापही नाही. प्रश्न एवढाच, की त्या तेरा वर्षांत लबानोनातून परतलेल्या माणसाला 'घरी पेरणी झाली का?' असे कोणी विचारले काय?

राजाने घोडे, स्त्रिया व सोनेरुपे वाढवू नये, असे नियमशास्त्राने आधीच सांगितले होते (अनुवाद १७:१६-१७, भाषांतर करणाऱ्या माणसाला ह्या पुस्तकाचे मराठी नाव वाचून नेहमी थोडे हसू येते). तिन्ही गोष्टी शलमोनाने वाढवल्या. अकराव्या अध्यायात त्याच्या अंतःकरणाविषयी पुन्हा बोलले जाते. तोच 'लेव' शब्द. आता ते अंतःकरण वळले आहे, फिरले आहे. आपल्या आरंभीच्या प्रश्नातील दोन उत्तरे येथे एकत्र येतात. जे अंतःकरण देवाचे ऐकेनासे झाले आणि जे प्रजेचे ऐकेनासे झाले, ते एकच होते. गिबोनात देव बोलला तेव्हा शलमोन उत्तर देतो. ११:११ मध्ये देव बोलतो आणि शलमोनाचे उत्तरच नाही.

एक कबुली

येथे मला स्वतःविषयी थोडे लिहिणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील एका मंडळीच्या कार्यकारिणीची मी सचिव होते. सकाळी साडेसातची उपासना साडेनऊला न्यावी, असे आमच्यापैकी बहुतेकांना वाटत होते. लांबून येणाऱ्या कुटुंबांची सोय होणार होती. कारणे योग्यच होती. आम्ही सभा बोलावली. लोकांनी धुणीभांड्यांची व स्वयंपाकाची कामे करणाऱ्या एका वयस्क बहिणीला पुढे केले. सगळे तिला मावशी म्हणत. ती उठून एवढेच म्हणाली, 'बाई, आमचे काम नऊला सुरू होते.' मी मान हलवली, वहीत लिहिले आणि तिला म्हटले, 'नोंद घेतली आहे, मावशी.' त्या वेळी नव्या वेळेचे छापून आलेले पत्रक माझ्या पिशवीत होते. सभेच्या इतिवृत्तात माझ्याच हस्ताक्षरात वाक्य आहे : सर्वांची मते ऐकून घेण्यात आली.

'ऐकून घेणे' ही आपल्या भाषेची मोठी सोय आहे. त्यात ऐकल्याचे पुण्य पदरात पडते आणि काही बदलावे लागत नाही. मावशी आणि तिच्यासारख्या आणखी सहासात जणी पुढल्या रविवारपासून दिसेनाशा झाल्या. आम्ही त्यांच्या विश्वासात शिथिलता आली असे म्हणून त्यांच्यासाठी प्रार्थना केली. माझ्या ध्यानात खरे कारण यायला वर्ष लागले, आणि ते आले १ राजे बाराव्या अध्यायाचा मसुदा तपासताना. वेळ पुन्हा साडेसात झाली. मावशी मात्र त्या आधीच आपल्या मुलाकडे दुसऱ्या गावी निघून गेली होती.

शखेम

रहबामाला आपण 'तरुण राजा' समजतो. १४:२१ पाहावे, गादीवर बसताना तो एकेचाळीस वर्षांचा होता, आणि ज्यांना 'तरुण' म्हटले आहे ते त्याच्याबरोबर वाढलेले, म्हणजे चाळिशीच्या आसपासचेच. तेव्हा ह्या अध्यायावरून तरुणांना दटावणारी प्रवचने मला पटत नाहीत. लोकांची मागणी माफक होती. जू काढून टाका असे त्यांनी म्हटले नाही. हलके करा, आम्ही सेवा करू, असे म्हटले. आणि जुवाला त्यांनी कोणते विशेषण लावले? 'कावेद'. जड. गिबोनात जो भार राजाच्या खांद्यावर होता, तो चाळीस वर्षांत प्रजेच्या मानेवर उतरला होता.

रहबाम तीन दिवस मागतो. हे चांगलेच केले. वडीलजनांचा सल्ला घेतो. आज तू ह्या लोकांचा सेवक झालास तर, असे ते आरंभ करतात. हे वडील शलमोनासमोर उभे राहिलेले होते. सेवक नसलेला राजा कसा असतो, ते त्यांनी जवळून पाहिले असावे. मग तो आपल्या सोबत्यांकडे जातो. हिब्रूत येथे एक बारीक फरक आहे. वडीलजनांना तो विचारतो, ह्या लोकांना काय उत्तर द्यावे? सोबत्यांना विचारतो, 'आपण' काय उत्तर द्यावे? निर्णय त्या एका 'आपण'मध्ये झालेला आहे. आठवे वचन सांगते की सोबत्यांना विचारण्यापूर्वीच त्याने वडीलजनांचा सल्ला टाकून दिला होता. त्याच्याही पिशवीत पत्रक होते.

मग पंधरावे वचन येते : राजाने लोकांचे ऐकले नाही. सोळाव्यात पुन्हा तेच : राजा ऐकत नाही, हे लोकांनी पाहिले. 'शमा', तेच क्रियापद. शलमोनाने तिसऱ्या अध्यायात जे मागितले, ते बाराव्यात त्याच्या मुलाजवळ नाही. वेठीवरचा अधिकारी अदोराम ह्याला लोकांशी बोलायला पाठवण्यात आले. ज्या माणसाचे नाव ऐकताच पाठ दुखते, नेमका तोच. लोकांनी त्याला दगडमार करून मारले आणि राजा घाईने रथात चढून यरुशलेमेस पळाला. दहा वंशांनी ज्याला राजा केले तो यराबाम पूर्वी कोण होता, तेही विसरू नये. शलमोनानेच त्याला योसेफाच्या घराण्याच्या वेठीवर मुकादम नेमले होते (११:२८). लोक काय म्हणतात ते त्याने बांधकामावर ऐकले असणार.

पुष्कळसे वाचक येथे पुस्तक मिटतात. आणखी चार वचने वाचावीत. यरुशलेमेस पोचल्यावर रहबामाने एक लक्ष ऐंशी हजार निवडक योद्धे गोळा केले. गेलेले राज्य तलवारीने परत आणायचे होते. तेव्हा शमाया नावाचा देवाचा माणूस आला. त्याच्याजवळ सैन्य नव्हते. तुमच्या भावांशी लढू नका, प्रत्येकाने आपल्या घरी जावे, हे परमेश्वराकडून झाले आहे, एवढाच त्याचा निरोप. चोविसाव्या वचनात ते क्रियापद पुन्हा एकदा येते. त्यांनी ऐकले. आणि एक लक्ष ऐंशी हजार माणसे आपापल्या घरी परतली.